घरच्या तबकड्या

एकत्र कुटुंबाच्या जुन्या घरात माळ्यावर ध्वनिमुद्रिकांची एखादी पेटी बहुधा सापडतेच. ती टाकून देण्याचे धैर्य कोणास होत नाही, आणि वाजवावी म्हटले तर यंत्र नसते. आमच्या पेटीतील गाणे संगणकावर उतरवून घेण्याचा उद्योग मी सध्या सुटीच्या दिवशी चालविला आहे. ‘ही गाणी इंटरनेटवर मिळतात, मग हा खटाटोप कशाला?’ असा घरातील तरुण मंडळींचा आक्षेप आहे. तो सर्वस्वी खोटा नाही. परंतु बालगंधर्वांचे पद अन्यत्र ऐकावयास मिळाले, तरी आमच्या आजोबांनी कोणती पदे विकत घेतली, आणि त्यांतील कोणते इतक्या वेळा वाजविले की तबकडी पांढुरकी पडली, हे या पेटीवाचून कोठेही कळावयाचे नाही.

कामाची रीत कठीण नाही. सबुरी मात्र हवी. प्रथम तबकडीची जात ओळखावी. मिनिटाला ७८ फेरे घेणारी जुनी तबकडी बहुधा लाखेची असते. १९४८ साली अमेरिकेत निघालेली ३३ १/३ फेऱ्यांची लाँग प्ले तबकडी व्हिनाइलची. लाख स्पिरिटात विरघळते, म्हणून लाखेच्या तबकडीस स्पिरिट कधीही लावू नये. शुद्ध ऊर्ध्वपातित पाण्यात भिजवून घट्ट पिळलेल्या मऊ फडक्याने ती खाचांच्या दिशेने पुसावी, व मधल्या कागदास ओल लागू देऊ नये. सुईही निराळी हवी. ७८ ची खाच रुंद असते. तीत व्हिनाइलची बारीक सुई घातली तर ती तळाशी घासत जाते आणि गाण्याहून खरखरच अधिक ऐकू येते. उलट जाड सुईने व्हिनाइलची खाच बिघडते.

वेगाचीही परीक्षा करावी लागते, कारण आरंभीच्या कित्येक तबकड्या नेमक्या ७८ फेऱ्यांनी मुद्रित झालेल्या नाहीत. वेग शेकडा सहाने वाढला की काळी एकमधले गाणे पांढरी दोनमध्ये जाते, आणि गवयाचा आवाज उगाच कोवळा वाटू लागतो. अशा वेळी पेटीवर सूर धरून पाहणारे कोणी घरात असेल तर फार उपयोग होतो.

टर्नटेबलातून निघणारा क्षीण ध्वनी प्रीॲम्पने वाढवून संगणकास दिला, की संगणक त्याचे सेकंदाला हजारो वेळा मोजमाप घेतो. मी ९६,००० मोजमापांचे प्रमाण ठेविले आहे. तीन मिनिटांच्या एका बाजूस सुमारे १०० मेगाबाइट जागा लागते. या कामात घाई चालत नाही. तीन मिनिटांचे गाणे उतरण्यास तीन मिनिटेच लागतात, आणि तेवढा वेळ स्वस्थ बसून ऐकणे भाग पडते.

यानंतर मोह होतो तो खरखर पुसून टाकण्याचा. त्यासाठी उत्तम साधने आहेत; पण ती हात सैल सोडून वापरली की खरखरीबरोबर तंबोऱ्याची आस आणि गाणाऱ्याचा श्वासही जातो. म्हणून जशी उतरली तशी एक प्रत वेव्ह किंवा फ्लॅक स्वरूपात अलग ठेवावी, आणि सारे प्रयोग दुसरीवर करावेत.

तथापि खरे काम याच्याही पुढे आहे. १९०२ साली कलकत्त्यास गौहरजानचे गाणे मुद्रित झाले, तेव्हा गाण्याच्या अखेरीस तिने इंग्रजीत आपले नाव उच्चारले. तबकड्या जर्मनीत हॅनोव्हरला छापल्या जात, आणि तेथील कारागिरांस गायिका कोण हे कळावे म्हणून ही योजना होती. आमच्या पेटीतील पाच तबकड्यांचे कागद वाळवीने खाल्लेले आहेत. त्यांतील चार आमच्या काकूंनी दोन ओळी ऐकताच ओळखल्या : ही हिराबाई बडोदेकरांची, ही मास्टर दीनानाथांची, आणि ही तिसरी थोरल्या आत्याबाईंच्या लग्नात मांडवात वाजत होती. काकूंचे वय आता शहाऐंशी आहे. एका कानाने त्यांस ऐकू येत नाही. पाचवी तबकडी त्यांनी तीन वेळा लावावयास सांगितली आणि मग म्हणाल्या, ‘हे भावोजींना ठाऊक असणार.’ भावोजींना जाऊन अकरा वर्षे झाली. ती तबकडी स्वच्छ उतरली आहे, आवाज गोड आहे. पण तिच्या नावाची जागा रिकामी आहे.

ज्यांच्या घरी अशी पेटी आहे, त्यांनी यंत्र आणण्याची वाट पाहू नये. पेटी खाली काढावी, तबकड्या एकेक करून वडील माणसांस दाखवाव्या, आणि गाणारा कोण, तबकडी कोणी व केव्हा आणली, ते सांगतील तसे एका वहीत टिपून घ्यावे. गाणे पुढल्या वर्षी उतरविले तरी चालेल.