राणीछाप

आमच्या जबलपूरच्या घरी लक्ष्मीपूजनाच्या तबकात एक राणीछाप रुपया असतो. अंगाने गुळगुळीत, कडेच्या रेघा पुसट, राणीचा मुकुट झिजलेला. वय विचारलं तर 1862 सांगतो, पण त्यावर विसंबू नये. 1874 पर्यंत टांकसाळी तीच साल ठोकत राहिल्या. वजनाला मात्र सच्चा. झिजेपुरतं सोडलं तर एक तोळा, म्हणजे 11.66 ग्रॅम, आणि त्यात बारा भागांपैकी अकरा भाग चांदी. सराफाकडे ‘रुपयाभार’ चांदी मागितली की दुसऱ्या पारड्यात हाच बसायचा.

याच्या अंगात दोन जीव आहेत, एक छापेचा आणि एक चांदीचा. अडीअडचणीसाठी सोनं-चांदी साठवावी का, असं कुणी विचारलं की मला हाच आठवतो.

1897 च्या दुष्काळात जबलपूर जिल्हा होरपळला. शेतकऱ्यांनी घरातल्या बायकांचे वाळे, तोडे, गोठ विकायला काढले. आयुष्यभराची साठवण ती! पण 1893 च्या जूनमध्ये सरकारने टांकसाळी लोकांच्या चांदीला बंद केल्या होत्या. त्याआधी कुणीही चांदी नेऊन तिचे रुपये पाडून घेऊ शके. ते दार लागलं आणि जगभर चांदीही घसरत होती. तेव्हा रुपयाभाराच्या तोड्याला रुपया येईना. त्याच वजनाचा राणीछाप मात्र पुरा रुपया म्हणून चाले. मुंबई-कलकत्ता रेल्वे 1870 मध्ये इथेच जोडली गेली होती, धान्य गाडीने येऊ शकत होतं. ते घ्यायला हातात नाणं हवं होतं. तोडे कवडीमोलाने गेले याचा मला आजही संताप येतो, कारण त्या बायकांनी काहीच चुकीचं केलं नव्हतं.

दुसऱ्या महायुद्धात सगळं उलटलं. 1940 मध्ये फ्रान्स पडला तशी लोकांनी नोटा देऊन चांदीचे रुपये घरी नेले. सरकारने एक रुपयाची नोट काढली, नव्या रुपयात चांदी निम्म्यावर आणली आणि राणीचे रुपये चलनातून बाद केले. छाप मेली. ज्यांनी ते सरकारजमा केले नाहीत, त्यांच्याकडे चांदी उरली, आणि पुढे तिनेच मोल राखलं.

म्हणून धातू साठवणाऱ्याला मी नाही म्हणत नाही, पण थोडा साठवा म्हणतो. चांदी लहरी आहे: 1980 च्या जानेवारीत औंसाला पन्नास डॉलरच्या आसपास गेलेली, मार्चअखेरीस अकराच्या खाली आली. त्या आठवड्यात ज्याच्या घरी आजारपण होतं, त्याने काय करावं? आधी काही महिन्यांचा खर्च बँकेत, घरात धान्य, आणि मग धातू. तोही घडणावळ नसलेला. दागिना मोडताना घडणावळ परत मिळत नाही. आज चोख चांदी घेतानाही तीन टक्के जीएसटी जातो, तो विकताना कुणी देत नाही.

आमच्या राणीछापाला कमानिया गेटजवळच्या सराफ्यात नेलं, तर तो काट्यावर ठेवला जातो आणि भाव चांदीचा मिळतो. जुन्या नाण्यांचा शौकीन भेटला तरच त्याची साल विचारली जाते.