काका, तू बस!

मराठी विभागात माझं नाव बघून आमच्या मजल्यावरच्या अर्ध्या मुली हसणार आहेत, मला माहीत आहे. हसा! केजीपासून दहावीपर्यंत मी कॉन्व्हेंटमध्ये. मधल्या सुट्टीत मराठी बोललं की डायरीत रिमार्क यायचा. त्यामुळे मराठी म्हणजे आजीशी फोनवर बोलायची भाषा, एवढाच तिचा-माझा संबंध. या लेखातल्या वेलांट्या संपादिकेने दोनदा तपासल्यात. आता ज्या चुका उरल्या त्या तिच्या!

तर विषय, फर्स्ट इम्प्रेशन. प्लेसमेंटवाल्यांनी फेब्रुवारीत आमचा अख्खा शनिवार त्यावर खाल्ला. शेकहँड ढिला नको, डोळ्यांत बघून बोला, खुर्चीच्या टोकावर बसू नका, बुटांना पॉलिश हवं. सरांनी एक प्रयोगही सांगितला. २००६ साली प्रिन्स्टन विद्यापीठाच्या विलिस आणि टोडोरोव्ह यांनी लोकांना अनोळखी चेहरे सेकंदाचा फक्त दहावा भाग दाखवले. तेवढ्यात लोकांनी हा माणूस विश्वासाचा आहे का, कामाचा आहे का, हे ठरवून टाकलं! (आमच्या रेक्टर मॅडमना तेवढाही वेळ लागत नाही.) पण मला त्यातली पुढची गोष्ट जास्त पटली. चेहरा आणखी थोडा वेळ बघू दिला, तरी मतं फारशी बदलली नाहीत. फक्त त्या मताबद्दलची खात्री वाढली. हॉस्टेलमध्ये राहिलेल्या माणसाला हे वेगळं सांगायला नको.

मला वाटलं, आपलं काम सोपं आहे. इंग्लिश फाडफाड, शेकहँड घट्ट. आणखी काय लागतं?

मार्चमध्ये इंटर्नशिपसाठी चाकणची एक कंपनी आली. समोर दोघं. एचआरच्या मॅडम आणि प्लांटमधले एक सर, पांढऱ्या मिशा, खिशाला दोन पेनं. मॅडमनी 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ' विचारलं. ते मला झोपेतही येतं. मॅडम खूश. सर इतका वेळ माझा बायोडेटा उलटासुलटा करत होते. ते एकदम मराठीत म्हणाले, "सीएनसीवर जॉबचा साईज बाहेर जायला लागला. शॉपफ्लोअरवर तुम्ही ट्रेनी. ऑपरेटरला काय विचाराल? मीच ऑपरेटर समजा."

मी आत्मविश्वासाने, डोळ्यांत बघून विचारलं, "तू काय केलास?"

खोलीत फक्त पंखा फिरत होता.

सर चिडले नाहीत, तेच जास्त लागलं. शांतपणे म्हणाले, "ऑपरेटर माझ्या वयाचा असतो, बाळ. आणि त्यानेच काहीतरी केलंय, हे आधीच ठरवून टाकलंत तुम्ही." पुढे दोनतीन प्रश्न झाले, पण मला कळलं होतं.

माझी रूममेटही मेकॅनिकलचीच. सांगोल्याजवळच्या एका खेड्यातली. तिला 'टेल मी अबाऊट युवरसेल्फ' मी महिनाभर घोकून घेतलं होतं, बेसिनच्या आरशासमोर उभं करून. आत ती तिसऱ्या वाक्याला अडखळली म्हणे. पण ऑपरेटरचा प्रश्न तिलाही आला. तिने विचारलं, "दादा, टूल कधी बदललं होतंत?" झालं. संध्याकाळी नोटीस बोर्डवर यादी लागली. तिचं नाव होतं, माझं नव्हतं.

खरं सांगू? त्या रात्री मला तिचं कौतुक वगैरे काही वाटलं नाही. मेसमध्ये मी वेगळ्या टेबलवर बसले. नंतर खोलीत दिवा बंद केल्यावर मीच विचारलं, "मी खरंच उद्धट वाटते का गं?"

बराच वेळ ती गप्प. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी वाटलीस."

पहिला दिवस मला आठवत होता, पण वेगळा. तिचे वडील धोतर-टोपीत, खांद्यावर तिची ट्रंक घेऊन तीन जिने चढून आले होते. मी कानातले हेडफोन काढले, माझी खुर्ची पुढे केली आणि म्हणाले, "काका, तू बस." आईबाबांना मी तूच म्हणते. इंग्लिशमध्ये तर सगळ्या जगाला एकच 'यू'. मला वाटलं होतं, मी किती चांगली वागले!

"मला वाटलं, आमची टोपी बघून तू म्हणालीस," ती म्हणाली. "पंधरा दिवस बोलले नव्हते तुझ्याशी. तुला कळलंही नाही."

खरंच कळलं नव्हतं. मला ती लाजाळू वाटली होती. तेलाचा वास, घट्ट वेणी, माझंही काम सेकंदाच्या दहाव्या भागात झालं होतं.

त्या दिवसापासून तिने माझी शिकवणी सुरू केली. मेसच्या मावशींना तुम्ही, वर्कशॉपमधल्या मामांना तुम्ही, वॉचमनकाकांना तुम्ही. मावशी पहिल्यांदा 'तुम्ही' ऐकून घाबरल्या, त्यांना वाटलं पोळ्यांची तक्रार आहे.

जूनमध्ये तिचे वडील तिला चाकणला सोडायला आले. पुन्हा तीन जिने, या वेळी डाळिंबांची पिशवी. मी उठून उभी राहिले, खुर्ची पुढे केली, आणि दोन महिन्यांची सगळी तयारी पणाला लावून म्हणाले, "या काका, तुम्ही बसा."

ते बसले नाहीत. माझ्याकडे बघत राहिले. मग लेकीला विचारलं, "हिला काय झालं गं? परक्यावानी बोलाय लागली."

"म्हणजे?" ती.

"अगं, पहिल्या दिवशी कशी 'काका, तू बस' म्हणाली. घरी जाऊन तुझ्या आईला सांगितलं मी, पोरगी घरच्यावानी बोलती, काळजी करू नगंस."

मी रूममेटकडे बघितलं. ती डाळिंबं मोजण्यात फार गढून गेली होती.

काकांना तहान लागली असणार, तीन जिने चढून आले होते. मी तांब्या पुढे केला. 'घे' म्हणू की 'घ्या'? शेवटी "काका, पाणी..." एवढंच म्हणाले आणि क्रियापद गिळून टाकलं.