फुटामागे दोन सूत

आमची खोली पुनर्वसनाच्या इमारतीत तिसऱ्या मजल्यावर, २२५ चौरस फुटांची. गेल्या वर्षी आईच्या गुडघ्याचे ऑपरेशन झाले आणि पाटावर बसून तांब्याने अंघोळ करणे तिला बंद झाले. खुर्चीवर बसून शॉवरखाली अंघोळ करा, असे डॉक्टर म्हणाले.

शॉवर लावायला अर्धा दिवस पुरतो. पण आमची मोरी झिरपत होती. खालच्या वहिनींच्या छताला ओल धरली होती. त्या कधी भांडल्या नाहीत, तरी लिफ्टमध्ये भेटल्या की आईच मान खाली घालायची.

ठेकेदार म्हणाला, जुन्या लादीवर नवी लादी चिकटवतो, दोन दिवसांचे काम. बाबांनी त्याला चहा पाजून परत पाठवले. चाळीस वर्षे गवंडीकाम केलेला माणूस. "पाणी सांध्यातून खाली जातं. खालचा कोबाच फुटलाय, तर वर चकचकीत करून काय उपयोग?" सत्तरीत त्यांनी पुन्हा थापी हातात घेतली. बिगारी मी.

जुना कोबा स्लॅबपर्यंत उखडला. नहाणी ट्रॅप सगळ्यात खोल बसवला. ट्रॅपमध्ये थोडे पाणी कायम राहते, म्हणून गटाराचा वास घरात येत नाही. मग माल. एक घमेले सिमेंट, चार घमेली वाळू आणि पाणी बेताचे. मूठ वळली की गोळा टिकला पाहिजे, बोटांतून पाणी निथळता कामा नये. पातळ माल पसरायला सोपा, पण सुकताना भेगा पडतात. ढाळ फुटामागे दोन सूत, म्हणजे पाव इंच; चार फुटांच्या मोरीला एक इंच. हा ढाळ बाबांनी खालच्या थरालाच दिला. नुसत्या लादीला ढाळ दिला तर सांध्यातून मुरलेले पाणी खाली साचूनच राहते. भिंत आणि जमीन मिळते त्या कोपऱ्यात गोल वाटा काढला, कारण चीर पहिली तिथेच पडते. सात दिवस पाणी मारले. मग वॉटरप्रूफिंगचे दोन हात, एक आडवा, एक उभा, भिंतीवर फूटभर चढवून.

इतके दिवस आईची अंघोळ खालच्या वहिनींच्या मोरीत. त्यांनी स्वतःच सांगितले होते. एकदा वर आल्यावर आई सहज म्हणाली, "यांनी लोकांच्या बंगल्यात किती बाथरूम बांधली. आम्ही वस्तीत लुगड्याच्या आडोशाला, उजाडायच्या आत उरकायचो." बाबा ऐकत होते. काही बोलले नाहीत, वाटा घोटत राहिले.

लादीच्या आधी ट्रॅपचे तोंड बंद करून पाणी भरले, भिंतीवर पेन्सिलीने खूण केली. ही परीक्षा कोणी चुकवू नये. लादी लावल्यावर दोष सापडला तर सगळे फोडावे लागते. दोन दिवसांनी पाणी खुणेलाच होते. बाबा बॅटरी घेऊन खाली गेले, वहिनींच्या स्टुलावर चढून छताला हात लावून आले. नवी ओल कुठेच नव्हती.

लादी बसल्यावर त्यांनी बादलीभर पाणी ओतले. एका कोपऱ्यात तळहाताएवढे पाणी थांबले. माल ओला होता तोवरच त्यांनी ती लादी उचलून पुन्हा बसवली. मी म्हटले, राहू द्या, कोण बघतंय. त्यांनी ऐकले नाही. ओल्या लादीवर आईचा पाय सरकला असता.

आई आता खुर्चीवर बसून अंघोळ करते. शॉवरखाली बादली मात्र ठेवतेच. त्या पाण्याने जिन्यापुढची फरशी धुते.