दहा ग्रॅम

इंजिन उघडलं की भोवती जमलेल्यांची नजर आधी पिस्टनवर जाते. कुठे जळालाय, ओरखडे किती, रिंगा अडकल्यात का, यावर बोलणं सुरू होतं. मी मात्र क्रँक बाहेर निघायची वाट बघतो. डिझेलने धुऊन, पुसून तो पोत्यावर आडवा ठेवला की त्याच्या जाडजूड काउंटरवेटांच्या कडेला बोट जाईल एवढी भोकं दिसतात. एकाला दोन, दुसऱ्याला एकच, तिसऱ्याला नुसता नखाएवढा खळगा. गॅरेजात नव्याने लागलेल्या पोरांना ती तेलाची भोकं वाटतात. तेलाची वाट निराळी. ती जर्नलवर, म्हणजे बेअरिंगमध्ये फिरणाऱ्या गुळगुळीत भागावर, उघडते आणि आतल्या आत दुसऱ्या जर्नलपर्यंत जाते. ही भोकं कुठेच जात नाहीत. कारखान्यात हा क्रँक फिरवून पाहिला तेव्हा एका अंगाला तो भारी निघाला. तिथला धातू ड्रिलने काढला, पुन्हा फिरवून पाहिला, पुन्हा थोडा काढला. गाडी विकत घेणारा ही जागा जन्मात बघणार नाही. तरीही तिथे एवढं निगुतीने काम झालं, याचा मला फार आदर वाटतो.

परभणीहून झरी मागे टाकून जिंतूरकडे निघालं की बोरी लागतं. तालुका जिंतूरचा, जमीन काळी, शिवारात सोयाबीन, कापूस, तूर. इथल्या गॅरेजात इंजिनं उघडतात ती ट्रॅक्टरची, पिकअपची, क्वचित एखाद्या जुन्या कमांडर जीपची. त्या रांगेत माझ्या भाच्याची जिप्सी येऊन उभी राहिली आणि मिस्त्रीच्या शेडमध्ये नवाच प्रश्न शिरला. भाच्याला ती नाशिकला न्यायचीय, रॅली ऑफ महाराष्ट्रला. जिप्सी मारुतीने 1985 मध्ये आणली आणि 2019 मध्ये बंद केली. मधल्या काळात लष्कराने, पोलिसांनी आणि रॅलीवाल्यांनी तिला सारख्याच हक्काने राबवलं. भाच्याच्या जिप्सीचं इंजिन 1298 सीसीचं, बोअर 74 मिलिमीटर, स्ट्रोक साडेपंचाहत्तर. कंपनीच्या हिशेबाने मिनिटाला 6000 फेऱ्यांवर 80 अश्वशक्ती. भाच्याला ते साडेसात हजारांपर्यंत ओढायचंय. त्यासाठी नवे ओव्हरसाइज पिस्टन आलेत, फ्लायव्हील लेथवर हलकं करायचं ठरलंय, आणि एक कनेक्टिंग रॉड वाकलेला निघाला म्हणून त्याच्या जागी दुसऱ्या इंजिनातला रॉड आणून ठेवलाय.

“मामा, क्रँक बॅलन्सिंगला पाठवावं का तसंच बांधून घ्यावं?”

बॅलन्सिंगचं मशीन बोरीत नाही. त्यासाठी संभाजीनगर नाही तर पुणं गाठायचं, म्हणजे येण्याजाण्याचे दिवस, मजुरी, आणि तोवर उघडं इंजिन ताडपत्रीखाली. मिस्त्रीचं म्हणणं असं की एवढ्या वर्षांत त्याने बांधलेली इंजिनं बिनबॅलन्सिंगची पळायलीत, एकही परत आलं नाही. ते खरंही आहे. पण ती इंजिनं ज्या वेगाने पळतात तो वेग विचारात घ्यायला हवा.

हिशेब अगदी सोपा आहे. समजा क्रँकपिनच्या अंतरावर, म्हणजे मध्यापासून पावणेअडतीस मिलिमीटरवर, एका बाजूला 10 ग्रॅम जास्त आहेत. जिप्सी 750 फेऱ्यांवर निवांत उभी असताना हे 10 ग्रॅम बाहेरच्या बाजूला साधारण पाव किलोच्या जोराने ओढतात. 1500 वर ही ओढ किलोभर होते. 3000 वर पावणेचार किलो, 6000 वर पंधरा. भाच्याच्या साडेसात हजारांवर ती चोवीस किलोंच्या घरात जाते, आणि दर फेरीला दिशा बदलत, सेकंदाला सव्वाशे वेळा बेअरिंगला धरून हलवते. वेग दुप्पट झाला की ओढ चौपट होते. येलदरीच्या धरणावरच्या टर्बाइनलाही हा नियम चुकत नाही. म्हणून तेच 10 ग्रॅम ट्रॅक्टरच्या इंजिनात, जे दोन-सव्वादोन हजारांच्या वर फारसं जातच नाही, आयुष्यभर निमूट पडून राहतात. मिस्त्रीची इंजिनं परत का आली नाहीत, त्याचं उत्तर इथे आहे.

चाकांचं बॅलन्सिंग आता सगळ्यांच्या ओळखीचं झालंय. टायरच्या दुकानात रिमच्या कडेला शिशाचा छोटा तुकडा ठोकतात आणि ऐंशीच्या पुढे थरथरणारं स्टिअरिंग शांत होतं. क्रँकलाही तेच शास्त्र लागू. फक्त तो चाकापेक्षा कितीतरी पट वेगाने फिरतो, आणि त्याला लटकलेले पिस्टन गोल न फिरता वर-खाली जातात.

आणि हा वर-खाली जाण्याचा भाग मला फार विचार करायला लावतो. कारण तिथे असं काही आहे जे कोणत्याही मशीनवर, कितीही पैसे मोजून, जात नाही. चार सिलिंडरच्या इंजिनात पहिला आणि चौथा पिस्टन वर जातो तेव्हा दुसरा आणि तिसरा खाली येतो. वाटतं, झालं, फिटंफाट. पण कनेक्टिंग रॉडला ठरावीक लांबी असते, तो तिरका होतो, त्यामुळे पिस्टन वरच्या अर्ध्या वाटेत जास्त वेगाने जातो आणि खालच्या अर्ध्यात कमी. वर जाणाऱ्यांचा आणि खाली येणाऱ्यांचा जोर त्यामुळे पुरता जुळत नाही. उरलेला जोर फेरीला दोनदा सबंध इंजिनाला हलवतो. इंग्लंडच्या फ्रेडरिक लँचेस्टरने विसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच यावर तोड काढली होती: दुप्पट वेगाने एकमेकांविरुद्ध फिरणारे दोन दांडे इंजिनातच बसवायचे. मित्सुबिशीने 1970 च्या दशकात ती कल्पना पुन्हा उचलून गाड्यांमध्ये आणली. जिप्सीत असे दांडे नाहीत. मारुती 800 च्या तीन सिलिंडरांची तऱ्हा आणखी वेगळी; तिथे वरखालीचा जोर जुळतो, पण इंजिन दोन टोकांवर डोलू पाहतं. आणि विहिरीवरचं एका सिलिंडरचं डिझेल इंजिन? 1946 मध्ये स्थापन झालेल्या किर्लोस्कर ऑइल इंजिन्सने पुण्यात इंजिनं बनवायला घेतली आणि विहिरी-विहिरींवर त्यांची फटफट घुमू लागली. एकाच पिस्टनचं वजन काउंटरवेटने पूर्ण तोलायला गेलं तर वरखालीचा हादरा आडवा होऊन बाहेर येतो. म्हणून थोडं तोलायचं, थोडं सोडून द्यायचं, आणि सोडलेल्यासाठी खाली सिमेंटचा पक्का चौथरा बांधायचा. पडीक विहिरीशेजारी असा रिकामा चौथरा दिसला की त्यावरचे चार बोल्ट मी हटकून बघतो.

म्हणजे प्रत्येक इंजिनाची एक थरथर जन्माची असते. रचनेतच ती येते आणि इंजिनासोबतच जाते. बॅलन्सिंगने जाते ती फक्त हाताने घातलेली थरथर: वेगळ्या वजनाचे पिस्टन, दुसऱ्या इंजिनातला रॉड, लेथवर एका बाजूला जास्त खाल्लेलं फ्लायव्हील. भाच्याच्या मनात होतं की बॅलन्सिंग केलं की गाडी लोण्यासारखी चालेल आणि ताकदही वाढेल. ताकद जवळजवळ वाढत नाही. लोणीही होणार नाही, चार सिलिंडरचं इंजिन चार सिलिंडरसारखंच बोलणार. मिळतं ते एवढंच की आपण घातलेला दोष आपण काढून घेतो आणि बेअरिंगांच्या वाट्याला फुकटचा मार येत नाही. माझ्या लेखी हे फार मोठं आहे.

मिस्त्रीला हे परकं नाही. सोयाबीनच्या सुगीत मळणीयंत्राच्या ड्रमचं एखादं पातं तुटतं, तेव्हा तो एकच पातं बदलत नाही. समोरासमोरची दोन बदलतो, आणि बसवायच्या आधी दोन्ही काट्यावर ठेवून बघतो. भारी असेल त्याला ग्राइंडर लावतो. ट्रॅक्टरचा पीटीओ 540 फेऱ्यांचा, ड्रम पुलीवरून त्याहून जोरात फिरतो, आणि पात्यांत फरक राहिला तर यंत्र जागच्या जागी नाचायला लागतं, नटबोल्ट सैल होतात, बेअरिंग हात लावू देत नाही. ही आठवण काढली तसा तो थोडा वेळ गप्प झाला. मग म्हणाला, “ते खरंय भाऊ. पण पैसे एकाच कामाचे असतील तर आधी रॉडचे बोल्ट नवे घ्या. बॅलन्सिंग राहिलं तर गाडी थरथरंल. बोल्ट तुटला तर रॉड ब्लॉक फोडून बाहेर येईल.”

या माणसाशी मी इथे शंभर टक्के सहमत आहे. साडेसात हजारांवर पिस्टन वरच्या टोकाला पोचून माघारी वळतो, त्या क्षणी त्याला खाली खेचायला त्याच्या वजनाच्या सुमारे तीन हजार पट जोर लागतो. पाव किलोचा पिस्टन असेल तर साडेसातशे किलो, तेही रॉडचं वजन न धरता. हा सगळा भार रॉडच्या त्या दोन बोल्टांवर. बोल्ट, जर्नलचं माप, बेअरिंगमधली फट, तेलाचा दाब: यांच्या आधी बॅलन्सिंगचं नाव काढायचं कारण नाही.

पण बॅलन्सिंगचं निम्मं काम इथे बोरीतच होतं, आणि त्याला पैसा नाही, चिकाटी लागते. पिस्टन, पिन, रिंगा यांचा एकेक संच वजन करायचा आणि सगळ्यात हलका असेल त्याच्या बरोबरीला बाकीचे आणायचे. पिस्टनचा माथा खरवडायचा नाही. आतल्या बाजूने, पिन बसते त्या जाडीजवळून किंचित धातू काढायचा. रॉडचं वजन एकदम करून चालत नाही. त्याचं मोठं टोक क्रँकबरोबर गोल फिरतं, लहान टोक पिस्टनबरोबर वर-खाली जातं, तेव्हा दोन्ही टोकं वेगवेगळी जुळायला हवीत. एक टोक दोरीने टांगून रॉड पाण्यावरच्या काठीसारखा आडवा धरायचा आणि दुसरं टोक काट्यावर टेकवायचं, मग उलट. दोरी जरा तिरकी झाली तरी आकडा बदलतो.

काटा सराफाकडून आणला. ग्रॅमच्या शंभराव्या भागापर्यंत मोजणारा. सराफाने तो द्यायच्या आधी हातरुमालाने पुसला, आणि काळ्या तेलाचे हात बघून वर एक स्वच्छ काचही दिली. मूळचे तीन रॉड एकमेकांशी छान जुळले. कारखान्याने ते जुळवूनच बसवले होते. बाहेरून आलेला चौथा मोठ्या टोकाला 11 ग्रॅम भारी भरला. हिशेबात धरलेल्या दहापेक्षा एक जास्तच. भाचा आकड्याकडे बघत राहिला. मिस्त्रीने काही न बोलता पट्ट्याचं ग्राइंडर सुरू केलं आणि रॉडच्या टोपीच्या तळाशी असलेल्या जाड उंचवट्यावरून धातू उतरवायला सुरुवात केली, थोडा उतरवायचा, गार होऊ द्यायचा, काट्यावर ठेवायचा. पॉलिशचे ओरखडे तो रॉडच्या लांबीच्या दिशेनेच ओढत होता. आडवा ओरखडा राहिला तर तिथूनच पुढे तडा जातो, हे त्याला सांगावं लागलं नाही.

एवढं झाल्यावर क्रँकचं काय, हा निर्णय सोपा झाला. मूळचं फ्लायव्हील, मूळचे रॉड, मूळचा वेग असता तर मी स्वतः सांगितलं असतं की पाठवू नकोस, ती भोकं पाडणाऱ्याचं काम अजून चांगलं आहे, त्यावर विश्वास ठेव. पण फ्लायव्हीलला लेथ लागणार आणि फेऱ्यांचा काटा साडेसात हजारांवर जाणार. तेव्हा पाठवायचं. चार सिलिंडरचा क्रँक दोन्ही बाजूंनी सारखा असल्यामुळे मशीनवर त्याला पिस्टनची खोटी वजनं बांधावी लागत नाहीत. व्ही आकाराच्या बहुतेक इंजिनांना ती लागतात. तो रोलरवर काही शे फेऱ्यांनी फिरतो, पडद्यावर किती ग्रॅम आणि कोणत्या कोनात ते दिसतं, तिथे ड्रिल लागतं. आधी नुसता क्रँक, मग फ्लायव्हील जोडून, मग प्रेशर प्लेट जोडून. प्रत्येक वेळी पंचने खूण करायची, म्हणजे परत बांधताना तो भाग त्याच जागी बसतो. खूण चुकली तर केलेलं सगळं वाया.

क्रँक गोणपाटात गुंडाळून झाला. जर्नलला ओरखडा नको म्हणून आत जुन्या लुगड्याचा पदर. फ्लायव्हील आधी लेथवाल्याकडे, त्यानंतरच मशीनवर, हा क्रम मिस्त्रीने भाच्याकडून दोनदा म्हणवून घेतला. भाचा एसटीच्या वेळा बघत होता, तेवढ्यात मिस्त्रीने बाकड्याखालून पुढची पुली काढून त्याच्या हातात दिली.

“ही राहिली होती. हिलाबी बांधून फिरवायला सांगा. आन् बोल्ट याच पुलीचे न्या, दुसरे नका घालू देऊ.”