ठणका, कळ, नोप्पी

सोलापूरच्या पूर्व भागातला पाच वर्षांचा मुलगा, हायपोस्पाडियासचं, म्हणजे लघवीच्या वाटेचं ऑपरेशन झालेला. मी "दुखतंय का रे बाळा?" विचारलं की भिंतीकडे तोंड फिरवायचा. सिस्टरने नुसतं "नोप्पी उंदा?" म्हटलं आणि त्याला हुंदका फुटला. शाळेत मराठी बोलत असेलही. पण दुखणं आईच्या तेलुगूतच. सोलापुरात भूल देणाऱ्याला तिन्ही शब्द यायलाच हवेत: दुखणं, नोप्पी आणि कानडी नोवु.

*

ठणका वेगळा, कळ वेगळी. ठणका जखमेचा, सारखा लागलेला. कळ मूत्राशयाची. आत लघवीची नळी टोचते, मूत्राशय आवळतं. पोर एकदम पाय पोटाशी घेऊन किंचाळतं, नळीच्या कडेने लघवी झिरपते, आणि थोड्या वेळाने सगळं शांत. आई म्हणते, "आत्ता तर खेळत होता." ठणक्याला मॉर्फिन, फेंटॅनिल लागू पडतं. कळेला आधी नळी तुंबली नाही ना ते बघायचं, मग मूत्राशय सैल करणारं ऑक्सिब्युटिनिन. कळेसाठी मॉर्फिनच वाढवत गेलं तर पोर गुंगतं, श्वास मंदावतो, संडास खडा होतो, नळी काढल्यावर लघवी अडू शकते. कळ मात्र जागच्या जागी. उमेदवारीत मी स्वतः एका मुलीच्या बाबतीत ही चूक केली आहे. ऑक्सिजन लावून रात्रभर त्या मुलीचे श्वास मोजत बसलो होतो.

*

माकडहाडाशी दिलेली भूल चार-सहा तास पुरते. सकाळचं ऑपरेशन, म्हणजे दुपार खरी अवघड. पॅरासिटामॉल भूल उतरायच्या आधीच सुरू करा, रडल्यावर नव्हे.

*

फेंटॅनिलच्या एका छोट्या ॲम्प्यूलमध्ये १०० मायक्रोग्रॅम. पंधरा किलोच्या पोराला एका वेळी साधारण १५ पुरतात. उरलेलं साक्षीदारासमोर टाकायचं, रजिस्टरवर दोन सह्या, रिकामी काच परत. ही शिस्त हवीच. पण १९८५च्या अमली पदार्थ कायद्याच्या धाकाने पुष्कळ ठिकाणी मॉर्फिन कपाटात ठेवणंच बंद झालं. २०१४च्या दुरुस्तीने वाट सोपी केली, धाक अजून गेलेला नाही. अफू पिकते नीमच-मंदसौरला, आपल्याच देशात. आणि आपलीच पोरं दात आवळून पडतात, याचा मला राग येतो.

*

इंदूरला डॉक्टरकी शिकलेले के. जे. एस. आनंद. तान्ह्यांना वेदना फारशी कळत नाही, असं मोठमोठे डॉक्टर मानत, त्या काळात त्यांनी ऑक्सफर्डमध्ये अपुऱ्या दिवसांच्या बाळांना ऑपरेशनच्या वेळी फेंटॅनिल देऊन पाहिलं. ते मिळालेली बाळं नंतर जास्त सावरलेली होती. हे छापून आलं १९८७ साली, म्हणजे माझ्या शाळेच्या दिवसांत!

*

घरी जाताना पालक "जोराची गोळी" मागतात. कोडीन, ट्रॅमाडॉल बारा वर्षांखाली नको. काही मुलांचं यकृत त्यांचं रूपांतर इतक्या झपाट्याने करतं की नेहमीचा डोसही श्वास थांबवतो. अमेरिकेच्या एफडीएने २०१७ साली सक्त मनाई केली. घरात उरलेलं औषध तर मुळीच देऊ नका.

*

पूर्व भागातल्या त्या मुलाच्या केसपेपरवर रात्रपाळीच्या सिस्टरने देवनागरीत लिहून ठेवलं होतं: पहाटे ४, नोप्पी लेदु (दुखत नाही), झोपला.