वंशावळीत नसलेल्या लेकी

लिंबागणेशच्या एका व्यापारी घराण्याची सात पिढ्यांची वंशावळ दर्शनी भिंतीवर आहे. तीत लेक एकही नाही. नातवाने त्यांचा शोध घ्यावयाचे ठरविले. जुन्या खतावण्यांत उधारी सापडली, लेकी नाहीत. बीड 1948 पर्यंत निजामाच्या राज्यात. तेथे प्रोबेटच्या सूचीची आशाच नव्हती. मुंबई शहरात मात्र 1870 च्या हिंदू विल्स कायद्यापासून जैनांच्या मृत्युपत्रांनाही प्रोबेट लागू झाले होते, आणि चुलत पणजोबांनी पेढी मुंबईतच थाटली होती.

उच्च न्यायालयाच्या सूचीत त्यांच्या नावाची जेमतेम एक ओळ निघाली. खरे धन मूळ अर्जात होते: मृत्यूची तारीख, मालमत्तेचे मूल्य, मृत्युपत्राचे व्यवस्थापक. हे निधन 1956 च्या हिंदू वारसा कायद्यानंतरचे. तो कायदा जैनांनाही लागू असून लेकींना मुलांच्या बरोबरीचे वारस मानतो. म्हणून अर्जात पत्नीच्या नावाखाली चार लेकींची नावेही, सासरच्या गावांसह, आली होती. मृत्युपत्रात त्यांच्या वाट्याला काही नव्हते, हेही तितकेच खरे.

चौघींपैकी हयात असलेल्या आत्याआजींना नातवाने ती प्रत वाचून दाखविली. त्यांनी चष्मा मागितला आणि आपल्या नावावर बोट ठेवून विचारले, “थोरलीचे नाव नीट लिहिले आहे ना?”