दुर्बळ घटाची कैफियत

जुनी विकत घेतलेली विजेची मोटार सकाळी निश्चल उभी राहिली आणि तिच्या फलकावर इशाऱ्यांमागून इशारे उजळले, तेव्हा मन मोठ्या बॅटरीच्या चिंतेने काळवंडले; परंतु कारागिराने प्रथम तपासली ती 12 व्होल्टची लहानशी बॅटरी, कारण तिच्या हुकुमावाचून मोठ्या बॅटरीचे रिले जोडलेच जात नाहीत. तिच्या टर्मिनलवर बुरशीसारखी पांढुरकी भुकटी साचली होती. ती धुतली जाताना मी कितीतरी वेळ पाहत राहिलो. मोठ्या बॅटरीतही, एकसरीत जोडलेल्या विद्युतघटांपैकी जो सर्वांत दुर्बळ, तोच साऱ्यांची मर्यादा ठरवतो, हे ऐकून त्या अनामिक घटाविषयी करुणाच दाटून आली. पूर्वीच्या मालकाकडे त्याने किती उन्हाळे सोसले असतील, याची दप्तरी नोंद नाही. अशी मोटार घेणाऱ्याने आधी लहान बॅटरी तपासून घ्यावी. मोठ्या बॅटरीच्या उच्च दाबाच्या नारिंगी तारांना मात्र जाणकाराखेरीज कोणीही हात लावू नये.